दुसरा पुरवठादार

"धंद्यात असं चालायचंच," हे वाक्य मला आजवर किमान चाळीस माणसांनी ऐकवलं असेल. नवऱ्याने ऐकवलं, भावाने ऐकवलं, शेजारच्या शेडच्या मालकाने चहा पिता पिता ऐकवलं. ते ऐकलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ज्यांचं काही गेलेलं नसतं, त्यांनाच हे इतकं सहज बोलता येतं.

मी सोनईची. घरी ऊस, दोन म्हशी. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि नगरच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात माल तपासायला लागले. पुढे तिथल्या गुणवत्ता विभागाची प्रमुख झाले. विभाग म्हणजे मी आणि दोन मुली. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, अकरा मशीन आणि तीसेक माणसं. मालकांना आम्ही सर म्हणतो. त्यांचे वडील शाळेत गणित शिकवायचे. सरांच्या अंगातही धंदेवाल्यापेक्षा मास्तरच जास्त आहे. माणूस सरळ. त्या सरळपणानेच आमचा घात केला, असं मी त्यांच्या तोंडावर बोलले आहे, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

आम्ही एक पोलादी नळी बनवायचो. बोटभर लांब, आतून पोकळ. मोठ्या पंपाच्या फिरत्या दांड्यावर ती बसते आणि तिच्यावर एक रबरी सील टेकलेलं असतं. नळी फिरते, सील जागेवर राहतं आणि पंपातलं तेल आतच राहतं. दिसायला अगदी साधी वस्तू. जर्मनीतली एक पंप बनवणारी कंपनी ती आमच्याकडून घ्यायची. त्या कंपनीचे पंप आणखी कुठे कुठे जायचे. कुठल्या देशातल्या कागद कारखान्यात, कुठल्या जहाजावर. त्यातली एकही जागा आम्ही पाहिलेली नव्हती.

पहिल्याच वर्षी तक्रार आली. तुमच्या नळ्या बसवलेले पंप तेल गळतात. आम्ही मापं तपासली, सगळी बरोबर. गोलाई, गुळगुळीतपणा, कडकपणा, सगळं त्यांनी दिलेल्या नकाशाबरहुकूम. तरी तेल गळत होतं. दीड महिना मी जेवताना नळी, झोपताना नळी, असं काढलं.

उत्तर सापडलं ते मामांना. मामा म्हणजे आमच्या ग्राइंडिंग मशीनवरचे कारागीर. पुणतांब्याचे. शाळा आठवीपर्यंत, हाताखाली पंचवीस वर्षं मशीन. अख्खा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा, सरसुद्धा. एक दिवस ते माझ्या टेबलापाशी आले.

"ताई, ह्या नळीला आटे हायेत."

"मामा, आटे कसे असतील? आरशासारखी आहे ती."

"दिसत न्हाईत. पन हायेत. या, दावतो."

त्यांनी नळी यंत्रावर धरून हळू फिरायला लावली, तिच्यावर तेलाचं बोट फिरवलं, शिवणाच्या दोऱ्याला एक छोटा नट बांधला आणि तो दोरा नळीवर लोंबकळत सोडला. दोरा जागेवर थांबला नाही. मुंगीच्या चालीने डाव्या अंगाला सरकत गेला. नळीवर डोळ्यांना न दिसणारे, स्क्रूसारखे आटे होते. घासणाऱ्या दगडाने ते उमटवले होते आणि तेल त्याच वाटेने बाहेर पडत होतं. पुढे कळलं की दोऱ्याची ही तपासणी जगात पूर्वीपासून करतात, पुस्तकातही आहे. मामांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्यांनी लहानपणी रहाटाच्या ओल्या लाकडी रुळावर दोर सरकताना पाहिला होता, असं ते म्हणाले.

मग त्यांनी दगडाला हिऱ्याच्या टोकाने धार लावायची पद्धत बदलली, शेवटचा हात फिरवायची पद्धत बदलली. दोरा थांबला. गळती थांबली.

त्यानंतर जर्मनीहून त्या कंपनीचे इंजिनियर आले. पन्नाशीचे, उंच, कमी बोलणारे. कारखान्यात सगळे त्यांना पाहुणे म्हणू लागले, मीही तेच म्हणते. पाहुणे मामांच्या मशीनपाशी तीन दिवस उभे राहिले. मामांना इंग्रजी येत नव्हतं, पाहुण्यांना मराठी. दोघं हातवारे करायचे, नळी उजेडात धरायचे, मान हलवायचे. चौथ्या दिवशी मामा त्यांना घेऊन पुणतांब्याला गेले. मीही गेले होते, दुभाषी म्हणून. मामींनी बाजरीच्या भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा केला होता. ठेच्याने पाहुण्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांनी ताट स्वच्छ केलं. निघताना मामांचे वडील, तेव्हा ऐंशीच्या घरातले, पाहुण्यांच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले, "आमच्या पोराला सांभाळून घ्या."

मी त्याचं भाषांतर केलं. पाहुण्यांनी छातीवर हात ठेवला आणि इंग्रजीत म्हणाले, "त्यांना सांगा, आम्ही भागीदार आहोत."

तेही मी भाषांतर करून सांगितलं. आपल्या तोंडाने सांगितलं, म्हणून आज जास्त जळतं.

पुढची सात-आठ वर्षं चांगली गेली. पाहुणे दर हिवाळ्यात यायचे. काम वाढलं, मशीन वाढली. आमच्या अकरापैकी पाच मशीन फक्त त्या नळीवर चालायची. सर म्हणायचे, "बघा, टेंडर-बिंडर सगळं खोटं. धंदा शेवटी नात्यावर चालतो."

मग टाळेबंदी आली. वसाहत बंद, रस्ते बंद. आठवड्याभरात पाहुण्यांचा मेल आला. त्यांचे पंप रुग्णालयांच्या यंत्रणेत जातात, नळ्या संपत आल्यात, असेम्ब्ली बंद पडेल, काही करता येईल का? सरांनी धावपळ करून परवानगी काढली. अट अशी की माणसांनी आतच राहायचं, बाहेर जायचं नाही. मामा आणि चौघं तयार झाले. पॅकिंगच्या खोलीत सतरंज्या पडल्या. मी सावेडीच्या घरून पास दाखवत यायची, माल तपासायची, गेटवरच डबे ठेवायची.

त्या काळात मामांचे वडील गेले. आजाराने नाही, वयाने. मामा मोटारसायकलवर पुणतांब्याला गेले. वाटेत राहुरीला अडवलं, फोनवर मीच पोलिसांशी बोलले. तिसऱ्या दिवशी गोदावरीकाठी सावडायचं उरकलं आणि दुपारी मामा कारखान्यात हजर.

मी म्हटलं, "मामा, अहो, सुतक आहे. दहाव्यापर्यंत तरी थांबा."

"दहाव्याला जाऊन येतो परत. तिकडं त्यांचं काम आडलंय न्हाई का."

मशीनला हात लावायच्या आधी त्यांनी देवाच्या तसबिरीकडे पाठ केली, कारण सुतकात पाहायचं नसतं, आणि कामाला लागले. त्या महिन्यात जर्मनीतली असेम्ब्ली एक दिवसही थांबली नाही. तिथल्या मोठ्या साहेबांचं आभाराचं पत्र आलं. सरांनी ते फ्रेम करून स्वागतकक्षात लावलं. पत्रात आम्हाला कुटुंब म्हटलं होतं.

मामांच्या वडिलांबद्दल मी पाहुण्यांना कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं, चांगलं उत्तर होतं. मी खोटं बोलणार नाही.

तीन वर्षांनी त्या कंपनीचा खरेदी विभाग बदलला. नव्या प्रमुख बाई आल्या. त्यांनी मेलवर कळवलं, एकाच ठिकाणाहून माल घेणं धोक्याचं आहे. टाळेबंदीने जगाला हेच शिकवलं. लाल समुद्रात जहाजं अडली तर काय करणार? म्हणून घराजवळचा दुसरा पुरवठादार हवा. त्यांनी तुर्कस्तानातला एक कारखाना निवडला होता. आणि विनंती केली होती की जुने भागीदार या नात्याने तुम्ही त्यांना प्रक्रिया समजावून द्या. तुमचं काम कमी होणार नाही, हा फक्त आधाराचा खांब.

ज्या टाळेबंदीत आम्ही त्यांना एक दिवस थांबू दिलं नाही, तीच टाळेबंदी आमच्याविरुद्ध कारण म्हणून वापरली. मेल वाचून मी थेट सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, हे द्यायचं नाही."

"अगं, नकाशा त्यांचा, माल त्यांचा. आपण कोण नाही म्हणणारे?"

"नकाशा त्यांचा. पद्धत आपली. नकाशात दोरा कुठे आहे? दगडाची धार कुठे आहे?"

"पाहुण्यांनी स्वतः फोन केला होता मला. म्हणाले, काळजी करू नका."

"लिहून दिलं का?"

सरांना हे आवडलं नाही. "सगळं लिहून घ्यायचं म्हणजे विश्वास उरला कुठे? तू सोनईची ना? तुमच्या शेजारच्या गावात घरांना दारं नसतात. चालतंच ना त्यांचं?"

"सर, तिथे राखायला शनी बसलाय. इथे कोण बसलंय?"

सर हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला. मी विनोद केला नव्हता. मला तेव्हा टेबलावरचा पेपरवेट उचलून बाहेर स्वागतकक्षातल्या त्या फ्रेमवर मारावासा वाटला होता. मी मारला नाही. मी खाली गेले आणि त्यांनी सांगितलं ते केलं. माझा सगळ्यात मोठा राग या ठिकाणी आहे. पेपरवेट तर नाहीच मारला, निदान नोकरी पणाला लावून आडवं पडायचं होतं. मी तेही केलं नाही. उलट काम हाती घेतल्यावर ते उत्तम व्हावं म्हणून झटले. ही शाळेपासूनची खोड. वही दिली की पानं भरायची.

बेचाळीस पानांचं पुस्तक तयार केलं. प्रत्येक पायरी, प्रत्येक माप, फोटो, बाण. मामांच्या मशीनपाशी बसून त्यांना विचारत होते.

"मामा, शेवटचा हात फिरवताना दगड किती वेळ टेकवून ठेवता?"

"आवाज बसंस्तवर."

"आवाज बसेपर्यंत म्हणजे किती?"

"आता कसं सांगू? ठिनग्या संपत्यात, आवाज बसतो, मग उचलायचं."

मी घड्याळ लावून वीस वेळा मोजलं. कधी सहा सेकंद, कधी अकरा. मी सरासरी काढून लिहिलं: आठ सेकंद.

मामांनी माझ्या कागदाकडे पाहिलं. "हे सगळं कागदावर लिवायचंच का, ताई?"

"हो मामा. सरांनी सांगितलंय."

"बरं."

त्या एका 'बरं'वर मी थांबायला हवं होतं.

मग तीन माणसं कॅमेरे घेऊन आली. एक जर्मनीची, दोन तुर्कस्तानातली. पाहुणे आले नाहीत. चार दिवस त्यांनी मामांचे हात चित्रित केले. तुर्कस्तानातला एक जण स्वतः मशीनवर काम करणारा होता, हे मामांनी पहिल्या दिवशीच ओळखलं. त्याच्या नखांत काळं होतं. दोघांनी एकमेकांना दगडाचे तुकडे दाखवले. बाकीच्यांनी फक्त व्हिडिओ काढले. जाताना सरांना चामड्याचं पाकीट आणि मला एक सुगंधी साबणाचा डबा दिला. तो डबा मी घरी नेला नाही.

काम कमी होणार नाही, असं म्हणाले होते. दिवाळीनंतर ते निम्मं झालं. उन्हाळ्यात निम्म्याचं निम्मं. पावसाळ्यात खरेदीच्या बाईंचा मेल आला. तीन परिच्छेदांचा. पहिल्यात आमच्या अनेक वर्षांच्या मोलाच्या भागीदारीचं कौतुक. दुसऱ्यात पुरवठ्याची फेररचना. तिसऱ्यात पुढच्या तिमाहीपासून मागणी शून्य. खाली सही नव्हती, छापील नाव होतं.

पाच मशीन उभी राहिली. सरांनी दुसरीकडे कामं शोधायला सुरुवात केली, साखर कारखान्यांच्या पंपांची, सुप्याच्या कंपन्यांची. तरी नऊ माणसांना घरी पाठवावं लागलं. त्यांना बोलावून सांगायचं काम सरांना जमेना, म्हणून ते माझ्याकडे आलं. टाळेबंदीत सतरंजीवर झोपलेल्या चौघांपैकी दोघं त्या नऊ जणांत होते. एक जण मला म्हणाला, "मॅडम, आमचं काय चुकलं ते तरी सांगा." पहिल्या वर्षानंतर माल तर एकदाही नापास झाला नव्हता.

पाहुण्यांना मी लिहिलं. त्यांचं उत्तर आलं नाही.

आणि मग, मेलनंतर पाच महिन्यांनी, गेटवर चार लाकडी पेट्या येऊन पडल्या. विमानाने आलेल्या. सरांना त्याआधी फोन आला होता. त्यांनी मला पेट्या आल्यावर सांगितलं, कारण आधी सांगितलं असतं तर मी काय म्हणेन हे त्यांना ठाऊक होतं. तुर्कस्तानातल्या नळ्या गळत होत्या. सगळ्या नाही, दहातली एखादी, पण कुठली ते कळत नव्हतं. जर्मनीच्या कंपनीला आपल्या गिऱ्हाइकांकडून शिव्या बसत होत्या. म्हणून त्यांनी नळ्या आमच्याकडे पाठवल्या होत्या. मामांनी दोऱ्याने तपासून चांगल्या-वाईट वेगळ्या कराव्यात आणि काय चुकतंय ते सांगावं. जुने भागीदार म्हणून.

मी पेट्यांपाशी गेले. एकीवर बाहेरून चिकटवलेल्या प्लास्टिकच्या पाकिटात तपासणीचे तक्ते होते. तुर्की भाषेत. मला एक अक्षर कळत नव्हतं, तरी तक्ता वाचता येत होता, कारण तो माझा होता. रेघा माझ्या, रकान्यांची रुंदी माझी. घाईत टाईप करताना ओळींच्या क्रमांकांत माझ्याकडून सात हा आकडा राहिला होता. सहानंतर एकदम आठ. इथेही सहानंतर आठ होता. माझी चूकसुद्धा त्यांनी जपून उचलली होती. आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येक ओळीला एकच लिहिलं होतं: आठ सेकंद, आठ सेकंद, आठ सेकंद.

मला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं. मुली बघत होत्या, म्हणून मी बाहेर जाऊन पाण्याच्या टाकीमागे उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल ठरला. इकडे सर, मी आणि सरांनी आग्रहाने बसवलेले मामा. तिकडे खरेदीच्या बाई, दोन तरुण अधिकारी आणि कोपऱ्यात पाहुणे. त्यांचे केस पूर्ण पांढरे झाले होते. बाई हसून म्हणाल्या, तुम्ही एवढ्या तत्परतेने मदतीला आलात, याला खरी भागीदारी म्हणतात.

सर बोलायला तोंड उघडणार, त्याआधी मी बोलले. माझं इंग्रजी रागात जास्त चांगलं होतं.

"बाई, आम्ही अजून मदत केलेली नाही. पेट्या बंद आहेत. मला आधी सांगा, आमची मागणी कुठल्या चुकीसाठी शून्य केली?"

त्या म्हणाल्या, चूक नव्हती, तो धोरणाचा भाग होता.

"मग ही गळतीही धोरणाचाच भाग समजा. तुम्ही बेचाळीस पानं नेलीत. ती कमी पडली असतील तर उरलेलं या माणसाच्या कानात आहे. आणि हा माणूस तुमच्या मागणीवर जगत होता. टाळेबंदीत बापाची राख सावडून दुपारी तुमच्या नळ्या घासायला उभा राहिला. तुमच्या कोपऱ्यात बसलेल्या गृहस्थांना हे माहीत आहे. विचारा त्यांना. त्यांनी याच्या घरी भाकरी खाल्ली आहे."

पाहुण्यांनी चष्मा काढला. एक अधिकारी म्हणाला, आपण भावनिक न होता मुद्द्यावर येऊ या.

"मुद्दा लिहून घ्या," मी म्हटलं. "तीन वर्षांची लेखी मागणी द्या, निम्म्या मालाची. मग पेट्या उघडू."

सर माझ्या हातावर हात ठेवून मराठीत पुटपुटले, "अगं, तोडू नकोस."

"तोडलं कुणी, सर?"

बाई म्हणाल्या, असं आश्वासन देणं त्यांच्या अधिकारात नाही. मला हेच अपेक्षित होतं. मी लॅपटॉप बंद करायला हात पुढे केला. तेवढ्यात मामा म्हणाले, "थांबा जरा. त्यो तुर्की मानूस हाय का तिथं? नखं काळी असलेला?"

मी विचारलं. नव्हता. तो त्याच्या कारखान्यात होता. त्या अधिकाऱ्याने सांगितलं की गळतीसाठी त्यालाच जबाबदार धरलं आहे, त्याला काढायचं चाललं आहे.

मी हे मामांना मराठीत सांगितलं. सांगायला नको होतं, असं आजही वाटतं.

मामा पुढे सरकले. "त्यांना सांगा, त्याची चूक न्हाई. आठ सेकंद लिवलंय त्ये चूक. सकाळी मशीन गार असतं, तवा येगळं. दुपारी पानी तापतं, तवा येगळं. दगड झिजला की अजून येगळं. त्याला म्हनावं घड्याळ काढून ठेव, आवाज ऐक. आन् धार लावताना हिरा निम्म्या चालीनं फिरव. मंग व्हईल."

"मामा, मी हे सांगणार नाही."

"सांगा, ताई."

"अहो, हेच तर आपल्याकडे उरलंय! हे दिलं की संपलं."

"त्याची नोकरी जाईल."

"आपल्या नऊ जणांची गेली, तेव्हा कोण बोललं?"

"त्या वक्ताला त्यो बोलू शकत नव्हता. मी आत्ता बोलू शकतो."

मी भाषांतर केलं नाही. तोंड घट्ट मिटून बसले. मग सरांनी भाषांतर केलं. शब्दन् शब्द, मास्तरासारखं, मामांच्या आवाजाची खूण हाताने करून दाखवत. तिकडे दोन्ही तरुण भराभरा लिहून घेत होते. बाईंनी धन्यवाद दिले. पाहुण्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि कॉल संपला.

मी मामांशी दोन आठवडे बोलले नाही. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, पण नाही बोलले. पेट्या मात्र आम्ही उघडल्या नाहीत, तेवढं सरांनी माझं ऐकलं. जशा आल्या तशा परत गेल्या.

महिनाभरात तुर्कस्तानातली गळती थांबली. आमच्याकडे मागणी आली नाही. येणार नव्हतीच. सरांना एक आभाराचा मेल आला. तो त्यांनी छापला नाही. त्याच आठवड्यात त्यांनी स्वागतकक्षातली जुनी फ्रेम स्वतः काढून कपाटात ठेवली.

पाहुण्यांचा फोन त्यानंतर आला, त्यांच्या स्वतःच्या नंबरवरून. ते निवृत्त होत होते. म्हणाले, "मी बैठकीत विरोध केला होता. तीनदा केला. माझं कुणी ऐकलं नाही. मला लाज वाटते."

"तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"हो. तुम्ही पुस्तक लिहायला लागलात, त्याच्या आधीपासून."

"मग सरांना काळजी करू नका असं का सांगितलंत?"

"मला वाटलं, मी थांबवू शकेन."

माणूस वाईट नव्हता. पण त्यांना माहीत होतं, आणि एक फोन करून 'देऊ नका' एवढं ते म्हणू शकत होते. भागीदार असता तर म्हणाला असता. मी त्यांना हे सांगितलं आणि फोन ठेवला. नंतर त्यांनी दोनदा केला, मी उचलला नाही.

आता आमच्याकडे सव्वीस माणसं आहेत. काम आहे, बहुतेक इथलंच. काढलेल्या नऊ जणांपैकी पाच परत आले, एक काष्टीला स्वतःचं वेल्डिंगचं दुकान चालवतो, बाकीचे कुठे आहेत मला माहीत नाही, आणि हे लिहिताना बरं वाटत नाही. गेल्या वर्षी एका परदेशी कंपनीने विचारणा केली. त्यांच्या माणसाने शेडमध्ये मोबाईल वर केला, तेव्हा मी तो हाताने खाली केला आणि पुढ्यात दोन पानी करार ठेवला. प्रक्रिया आमची, चित्रण नाही, दुसऱ्या कुणाला शिकवायची वेळ आली तर तिचा वेगळा करार. त्यांनी दीड महिना घेतला, एक कलम खोडून पाठवलं. मी ते पुन्हा लिहून पाठवलं. शेवटी सही झाली. सर तेव्हा बाजूला बसून होते, आणि त्यांनी एकदाही नात्याचं नाव काढलं नाही.

मामा पुढच्या वर्षी निवृत्त होतील. परवा डबा खाताना मी त्यांना विचारलं, "मामा, त्या दिवशी सांगितलंत त्याचा पस्तावा होतो का कधी?"

"न्हाई."

"मला अजून राग आहे तुमचा."

"असू द्या की," ते म्हणाले आणि लोणच्याची फोड माझ्या डब्यात टाकली.

मी ती खाल्ली. राग गेला नाही.